कपाशीची फवारणी: पंप ज्याच्या पाठीवर, माहिती त्याला हवी

पोळ्याच्या आगेमागे विदर्भातली कपाशी कमरेच्या वर जाते. पात्या-फुलं धरलेली असतात, तुडतुडे आणि पांढरी माशी वाढत असते, बोंडअळीची धास्ती असते आणि गावातले सगळे पंप एकदम बाहेर निघतात. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचे हे दिवस फवारणाऱ्यासाठी वर्षातले सर्वांत धोक्याचे. पीक उंच आणि दाटलेलं, हवा दमट, दुपारचं ऊन अंगाला चिकटणारं. याच दिवसांत २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. डोक्याच्या उंचीवर नोझल धरून फवारायचं म्हणजे तुषार परत आपल्याच तोंडावर. त्यात दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली आणि वेगाने फेकणारे बॅटरीचे पंप. सरकारने मग काही कीटकनाशकांवर पश्चिम विदर्भात ६० दिवसांची बंदी घातली, चौकशी पथक नेमलं. पुढच्या हंगामांत हातमोजे-मास्कचे संच वाटले गेले, गावोगाव बैठका झाल्या.

बैठकांना बसले कोण? सातबारा ज्याच्या नावावर तो. फवारणीला गेला तो मजूर, किंवा घरातला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा. पोराला तर पाठवूच नये. पण मजुरापर्यंतही त्या बैठकीतलं काही पोचत नाही, हीच आपल्याकडची खरी गोम आहे.

कायद्यातही तेच दिसतं. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. औषध बनवणाऱ्याला नोंदणी लागते, विकणाऱ्याला परवाना लागतो, आणि आता दुकानदाराला शिक्षणाची अटही आहे. जुन्या दुकानदारांसाठी त्यातून प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची वाट काढली गेली. पण स्वतः कसत असलेल्या जमिनीवर कोणी औषध वापरलं, तर त्या वापराला कलम ३८ नुसार हा कायदा लागूच होत नाही. युरोपीय संघाने २००९ च्या निर्देशात धंदा म्हणून फवारणाऱ्याला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राची सक्ती केली. आपल्याकडे ड्रोन उडवणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं, पाठीवर पंप घेणाऱ्याला नाही. म्हणून नियम कुणी तरी येऊन पाळायला लावेल याची वाट बघू नका. शेत तुमचं, मजूर तुमच्या सांगण्यावरून कपाशीच्या ओळीत उतरतो. त्याला सांगणं तुमच्याकडेच आलं.

आता दुकानापासून सुरुवात करू. पक्कं बिल घ्या. त्यावर औषधाचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असली पाहिजे. पीक जळलं किंवा औषध बनावट निघालं, तर बिलाशिवाय तुमच्या तक्रारीला किंमत नाही. उधारीवर माल घेतानाही बिल मागा; उधारी आहे म्हणून तो हक्क जात नाही. डब्याबरोबर घडी घातलेलं माहितीपत्रक मिळतं. अक्षर बारीक असतं खरं, पण कोणत्या पिकासाठी, कोणत्या किडीसाठी, हेक्टरी किती, काढणीआधी किती दिवस थांबायचं आणि विषबाधेवर उतारा काय, हे सगळं त्यातच असतं. दुकानदार ते गल्ल्याखाली ठेवून चिठ्ठीवर ‘१० लिटरला इतकं’ लिहून देतो. चिठ्ठी घ्या, पण पत्रकही मागून घ्या.

डब्यावरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. मजूर निरक्षर असला तरी रंग ओळखतो. निळं किंवा हिरवं औषध काम भागवत असेल तर लाल-पिवळं शेतात आणायचं कारण नाही. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएल केंद्राच्या २०२३ च्या आदेशाने बंद झालं. ट्रायझोफॉस आणि फोरेट २०२० च्या अखेरीपासूनच बंद आहेत. कोपऱ्यात जुनी बाटली पडली असेल तर ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून ती वापरू नका.

मापात सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, म्हणून इथे जरा सावकाश. फ्लोनिकॅमिड ५० डब्ल्यूजी हे रसशोषक किडींवर वापरलं जाणारं औषध घ्या. कपाशीला शिफारस हेक्टरी १५० ग्रॅम, पाणी ५०० लिटर. म्हणजे एकरी ६० ग्रॅम आणि २०० लिटर, म्हणजेच १० लिटरला ३ ग्रॅम. पण तुमचा पंप १६ किंवा २० लिटरचा आहे, आणि तुमचा माणूस एकर किती पंपात उरकतो ते कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. तर एक दिवस पंपात नुसतं पाणी भरा आणि १० गुंठे फवारून बघा. तीन पंप लागले तर एकराला बारा; ६० ग्रॅमला बाराने भागा, पंपाला ५ ग्रॅम. दोनच पंप लागले तर माणूस पळतोय किंवा नोझल चुकीचं आहे, त्याला हळू चालायला सांगा. एकरी मात्रा पक्की धरा. पंपाची मात्रा त्यातून काढा.

पेट्रोलच्या पॉवर स्प्रेला पाणी साधारण तिसरा हिस्सा लागतं, म्हणून त्यासाठी १० लिटरची मात्रा तिप्पट सांगतात. एकराला औषध तेवढंच जातं, फक्त द्रावण घट्ट होतं. हे न समजता तिप्पट मात्रा हातपंपात किंवा बॅटरीच्या पंपात घातली की एकरात तिप्पट औषध जातं, पीक करपतं आणि फवारणाऱ्याच्या अंगावरही तिप्पट येतं. शिफारशीत कोणत्या पंपाची मात्रा दिली आहे, ते दुकानातच विचारून घ्या. बाटलीच्या बुचाने मोजणं सोडा. प्रत्येक कंपनीचं बूच वेगळ्या मापाचं असतं. मोजपात्र वापरा आणि ते घरात कुणाच्या हाती लागणार नाही असं ठेवा.

फवारायचं की नाही, हे आधी शेतात फिरून ठरवा. तुडतुडे पानामागे सरासरी दोन-तीनच्या वर गेले, किंवा कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री बोंडअळीचे आठ-आठ पतंग सापडले, तर फवारणीचा विचार करा. शेजाऱ्याचा पंप चालू झाला म्हणून आपला काढू नका. राज्यात २००९-१० पासून क्रॉपसॅप या सरकारी प्रकल्पाखाली कीड-सर्वेक्षण चालतं. कृषी सहायकाकडे (आता सहायक कृषी अधिकारी) तुमच्या भागातली परिस्थिती कळते. प्रादुर्भाव कमी असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क भागवतो. आणि एकाच रासायनिक गटातलं औषध लागोपाठ मारू नका, नाहीतर कीड त्याला सरावते आणि ते पाण्यासारखं होतं.

औषधं एकत्र कालवण्याबद्दल माझं मत कडक आहे. कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत आणि वर एक ‘टॉनिक’ असं एका पिंपात ढवळायचं हे काम मजुरी वाचते म्हणून चालतं. मजुरीचा हिशोब खोटा नाही, मला मान्य आहे. पण पत्रकात किंवा विद्यापीठाच्या शिफारशीत ते मिश्रण नसेल तर त्याचं पिकावर आणि माणसावर काय होईल हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि विषबाधा झाली तर डॉक्टरला नेमका उतारा ठरवणं अवघड जातं.

आता फवारणाऱ्याकडे जवळून बघा. पुडी दाताने फाडतो. पिंपात हात घालून ढवळतो. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकर मारतो. टाकीचं झाकण नीट लागत नाही, द्रावण पाठीवरून कमरेपर्यंत ओघळतं आणि तो ओला सदरा दिवसभर अंगावर राहतो. मधल्या सुट्टीत त्याच हाताने खर्रा घोळून तोंडात टाकतो. विष नाकातून जातं तेवढंच सगळ्यांना कळतं. कातडीतून, विशेषतः घामाने भिजलेल्या कातडीतून किती जातं ते कळत नाही. म्हणून मास्कइतकंच टाकीच्या गळतीकडे लक्ष द्या. वॉशर दहा-वीस रुपयांचा असतो, तो बदला. नोझलसाठी बारीक तार किंवा जुना ब्रश पंपालाच बांधून ठेवा. ढवळायला काठी. पूर्ण बाह्यांचा सदरा, पाठीवर टाकीखाली प्लास्टिकचा कागद, हातमोजे, बूट, चष्मा. दमट उन्हात मजूर पूर्ण संच दुपारपर्यंत ठेवणार नाही हे मान्य करून फवारणीची वेळच बदला: सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. एका माणसाला सलग आठवडाभर हेच काम देऊ नका. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा.

मळमळ, डोकं जड होणं, लाळ आणि घाम सुटणं, डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, अंगात बारीक थरथर: यातलं काहीही दिसलं की काम थांबवा. ओले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि १०८ ला फोन लावा. दूध किंवा तूप पाजू नका, उलटी मुद्दाम काढायला लावू नका. डबा किंवा माहितीपत्रक दवाखान्यात सोबत न्या, कारण उतारा औषधाच्या गटावर ठरतो. एम्सच्या विष माहिती केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तो पंपघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

रिकामा डबा तीनदा खंगाळून ते पाणी पंपातच ओता, मग डबा ठेचून वस्तीपासून आणि पाण्यापासून लांब पुरा, किंवा गावात गोळा करण्याची सोय असेल तर तिथे द्या. पाण्यासाठी तो घरात नेऊ नका, नाल्यावर पंप धुऊ नका.

राहिलं प्रशिक्षण. शेतीशाळा दुपारी ग्रामपंचायतीत भरली तर मजूर येत नाही, त्याचा रोज बुडतो. कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला सांगून ती फवारणीच्या दिवशीच, सकाळी, बांधावर ठेवा. अर्धा तास पुरे. भाषण नको, पंप उघडायचा, गळती बघायची, १० गुंठ्यांचं मोजमाप एकदा करून दाखवायचं, त्रिकोणाचे रंग ओळखून घ्यायचे. ज्याने काल फवारलं त्याच्याच हातात मोजपात्र द्या आणि त्यालाच मोजायला लावा. त्या अर्ध्या तासाची मजुरी त्याला द्या.