कॉस्मेटिक्स कन्सल्टंट व्हावं का? सही करण्याआधीचा हिशेब

"अगं, तुला बोलता छान येतं, मेकअपची आवड आहे, घर सांभाळून चार पैसे सुटतील. आज जॉइन झालीस तर किटवर सूट आहे."

थेट विक्रीच्या कॉस्मेटिक्स कंपनीचं आमंत्रण साधारण अशाच शब्दांत येतं, आणि बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडून येतं. मैत्रीण असते, नणंद असते, जुन्या ऑफिसातली कोणी असते. म्हणून नाही म्हणणं जड जातं, आणि विचार करायला वेळ मागणंही. तरी वेळ मागाच. दोन आठवडे पुरतात. जे काम दोन आठवडे थांबू शकत नाही, ते दोन वर्षं टिकेल असं मानायला काही आधार नाही.

पुढच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की, नाही म्हणायचं कारण लवकर सापडलं तर बाकीची खटपट करावीच लागू नये.

1. दोन कमाया वेगळ्या काढा

कन्सल्टंट ही कंपनीची नोकरदार नसते. पगार नाही, भरपगारी रजा नाही. सवलतीत माल घ्यायचा, छापील किमतीला विकायचा आणि मधला फरक ठेवायचा, ही पहिली कमाई. दुसरी कमाई टीमची: तुम्ही कोणाला जोडलंत, तर त्यांच्या खरेदी-विक्रीवर तुम्हाला कमिशन. आमंत्रण देणारी व्यक्ती या दोन्ही कमाया एका दमात सांगते. तुम्ही मात्र कागदावर दोन रकाने करा आणि निर्णय होईपर्यंत दुसरा रकाना रिकामा ठेवा. माझं मत सरळ आहे: नुसत्या विक्रीवर हा धंदा परवडत असेल तरच त्यात पडावं.

पहिली कमाई खोटी नाही, तिला मोठा इतिहास आहे. डेव्हिड मॅक्कॉनेल हा अमेरिकेत दारोदार पुस्तकं विकायचा आणि सोबत अत्तराचा नमुना फुकट द्यायचा. गिऱ्हाइकांना पुस्तकापेक्षा अत्तरातच रस आहे हे पाहून त्याने 1886 मध्ये अत्तराची कंपनी काढली. तीच पुढे एव्हॉन झाली. पर्सिस अल्बी ही तिची पहिली विक्रेती. मेरी के ॲश यांनी 1963 मध्ये डॅलसमध्ये आपली कंपनी सुरू केली, तर ओरिफ्लेम 1967 मध्ये स्वीडनमध्ये उभी राहिली. त्या काळी विक्रेती दाराशी आली की दुकानच घरी यायचं. आता दुकान प्रत्येकीच्या फोनमध्ये आहे. मग गिऱ्हाइकाने तुमच्याकडूनच का घ्यावं, याचं एका वाक्यात उत्तर देता येतं का ते बघा. "मला त्वचेचा रंग ओळखून शेड निवडता येते" हे उत्तर झालं. "आमची क्वालिटी बेस्ट आहे" हे प्रत्येक कंपनीची कन्सल्टंट म्हणते.

2. तीन कागद मागून घ्या

करारनामा, कमिशनचा प्लॅन आणि उत्पन्नाचं विवरणपत्र, म्हणजे कंपनीच्या कन्सल्टंटना प्रत्यक्षात किती मिळालं हे सांगणारा कागद. तिसरा कागद प्रत्येक कंपनी काढत नाही. काढत नसेल तर तेही टिपून ठेवा.

करारनाम्यात शोधायच्या गोष्टी अशा. "ॲक्टिव्ह" राहायला दर महिन्याला किंवा तिमाहीला किमान किती खरेदी करावी लागते? न विकलेला माल कंपनी परत घेते का, किती दिवसांत, किती टक्के कापून, आणि परत पाठवायचा खर्च कोणाचा? आपोआप लागणारी मासिक ऑर्डर आहे का? वेबसाइटची, नूतनीकरणाची फी किती? दुसऱ्या कंपनीचा माल विकायला बंदी आहे का? आणि शेवटी ते कलम, जे कोणी वाचत नाही: कंपनी प्लॅन कधीही बदलू शकते. हे कलम शोभेचं नसतं. रोडन अँड फील्ड्स या त्वचानिगेच्या कंपनीने 2024 मध्ये बहुस्तरीय पद्धत, म्हणजे टीमच्या खरेदी-विक्रीवर कमिशन देण्याची पद्धतच, सोडून दिली. वर्षानुवर्षं टीम बांधलेल्यांचा हिशेब त्यामुळे नव्याने मांडावा लागला.

विवरणपत्र वाचताना थोडं सावध राहावं लागतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी 2024 मध्ये बहुस्तरीय विक्री कंपन्यांची अशी 70 विवरणपत्रं तपासली. बहुसंख्य सहभागींना वर्षाला 1,000 डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते. किमान 17 कंपन्यांत तर बहुतेकांना काहीच मिळालेलं नव्हतं. शिवाय हे आकडे बहुतेक ठिकाणी खर्च वजा करण्याआधीचे. अनेक विवरणपत्रांत शून्य कमाईवाल्यांना हिशेबातूनच वगळलेलं होतं. म्हणून कागद हातात आला की तळटीप आधी वाचा. "सरासरी" दिसली तर थबका, कारण वरच्या दोन-चार जणींची मोठी रक्कम सगळ्यांची सरासरी वर ओढते. मधल्या क्रमांकाच्या व्यक्तीला काय मिळालं हे विचारा.

3. गिऱ्हाइकांची यादी करा, मग ती खोडा

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची. बहुतेक जणी नेमकी हीच जॉइन झाल्यानंतर करतात, तेव्हा टीमलीडर म्हणते, "शंभर नावं लिहून काढ." तुम्ही ती आधीच लिहा.

वही घ्या आणि सुचतील तितकी नावं लिहा. आता खोडायला सुरुवात. जी तुमचं मन राखायला एकदा घेईल आणि नंतर तुमचा फोन टाळेल, ती खोडा. जिचा ब्रँड ठरलेला आहे आणि जी त्यावर खूश आहे, ती खोडा. जिला त्वचेचा त्रास आहे आणि जी डॉक्टरांनी सांगितलेलंच लावते, तीही. जिच्या घरात आधीच कोणी असा माल विकतं, ती अर्थातच. उरलेल्यांपैकी सात-आठ जणींना प्रत्यक्ष विचारा. विकायचं नाही, नुसतं विचारायचं: तू फेसवॉश कुठला वापरतेस? एक ट्यूब किती दिवस जाते? कुठून आणतेस? सूट असेल तेव्हाच घेतेस का?

या चार प्रश्नांतून जे कळतं ते कुठल्याही सेमिनारमध्ये कळत नाही. लिपस्टिक पर्समध्ये वर्षभर फिरते, आयशॅडोची पेटी तर संपतच नाही. फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन मात्र संपतात आणि पुन्हा लागतात. कन्सल्टंटचं पोट अशा परत परत लागणाऱ्या मालावर चालतं, डेमोच्या संध्याकाळी खपलेल्या लिपस्टिकवर नाही. खोडाखोडीनंतर छापील किमतीला, तुमच्याशी नातं नसतं तरी, पुन्हा पुन्हा घेतील अशी नावं पाच-सहाच उरत असतील, तर वही मिटा. तुम्हाला उत्तर मिळालं आहे.

4. एका महिन्याचा हिशेब मांडा

यादी भक्कम निघाली तर पुढे जा. कंपनी 25 टक्के सवलत देते की 40 की 50, हे विक्रीच्या पायरीनुसार बदलतं, आणि वरचा टक्का सहसा मोठ्या खरेदीवरच मिळतो. उदाहरणासाठी 35 टक्के धरू.

समजा, छापील किमतीने महिन्याची विक्री 10,000. मालाचे गेले 6,500. हाती आले 3,500, आणि मीटिंगमध्ये हाच आकडा फळ्यावर लिहिला जातो. आता वजाबाकी. ओळखीत दिलेली सूट 500. नमुने, कॅटलॉग, पिशव्या 400. जाणं-येणं आणि पोचवणं 600. वेबसाइट आणि फोन 250. वर्षातल्या संमेलनाचा आणि ट्रेनिंगचा खर्च बारा महिन्यांत वाटला तर 350. टेस्टर, परत आलेली चुकीची शेड, मुदत संपलेला माल 400. एकूण 2,500. उरले 1,000, त्यातून पुढे कर.

आकडे तुमचे वेगळे असतील, रकाने हेच राहतील. यात एक रकाना जवळजवळ सगळ्या जणी विसरतात, तो तासांचा. डेमोची तयारी, मेसेजना उत्तरं, उधारीची आठवण करून देणं, रात्री रील बनवणं, झूमवरच्या मीटिंगा, सगळं धरा. उरलेल्या रकमेला त्या तासांनी भागा आणि जो दर येईल त्या दराने दुसऱ्या कोणाचं काम केलं असतं का, हे स्वतःला विचारा. कोणी आनंदाने करेलही. आवडीच्या कामाला लोक कमी पैसे घेतातच. पण दर माहीत असून घ्यावेत.

उधारीबद्दल एकच: नातेवाइकांत ती वसूल होत नाही, आणि मागितली तर नातं आंबतं.

5. माल स्वतःच्या चेहऱ्यावर वापरा

कन्सल्टंट न होता, साधं गिऱ्हाईक म्हणून तीन-चार वस्तू घ्या. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक-दोन दिवस वाट बघा. सुगंधी द्रव्यं आणि काही प्रिझर्वेटिव्ह यांची ॲलर्जी अनेकांना असते, आणि उद्या गिऱ्हाइकाला पुरळ उठली तर फोन कंपनीला नाही, तुम्हाला येणार.

कॉस्मेटिक्सचं काम स्वच्छ करणं, सजवणं, त्वचा मऊ ठेवणं, इतपतच. एखादी क्रीम "एक्झिमा बरा करते", "वांग मुळापासून घालवते" असं कोणी ट्रेनिंगमध्ये सांगत असेल, तर ती भाषा औषधाची झाली आणि कायदा औषधाला वेगळ्या मापाने मोजतो. असं बोलायला शिकवणाऱ्या टीमपासून लांब राहा. आणि तोच माल ऑनलाइन तुमच्या खरेदी किमतीहून स्वस्त मिळतो का, तेही शोधा. मिळत असेल तर गिऱ्हाइकाला ते तुमच्याआधी कळेल.

6. साठ्याच्या मोहाला आधीच मर्यादा घाला

"माल हातात असला की खपतो" हे वाक्य ऐकायला येईलच. कपाटात ठेवलेलं कॉस्मेटिक म्हातारं होत जातं. डब्यावर उघड्या झाकणाच्या बरणीचं चिन्ह आणि त्यात 6M किंवा 12M लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. मस्कारा तर तीन ते सहा महिन्यांत बदलावा लागतो. टेस्टर म्हणून उघडलेली प्रत्येक वस्तू त्या दिवसापासून खर्चात गेली, आणि तीही दर वेळी स्वच्छ स्पॅट्युलाने द्यायची, बोटाने नाही. फाउंडेशन सगळ्यात फसवं: बारा शेड ठेवाव्यात तर खपतात तीन, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला हवी असते तेरावी.

ऑर्डर मिळाली, पैसे आले, मगच माल मागवायचा. हे जमणार नाही असा प्लॅन असेल, तर ती अडचण प्लॅनची आहे. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर पहिला साठा घ्यायला कोणी सुचवलं, तर बोलणं तिथेच थांबवा.

7. आता टीमचा रकाना उघडा

सौंदर्यप्रसाधनांचा या बाबतीत कायद्यातही इतिहास आहे. अमेरिकेत पिरॅमिड योजना ओळखायची कसोटी 1975 मध्ये ठरली ती कॉस्कॉट इंटरप्लॅनेटरी या कॉस्मेटिक्स विकणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात. कसोटी थोडक्यात अशी: माणूस पैसे भरून माल विकण्याचा हक्क घेतो, सोबत नवी माणसं आणल्याबद्दल मोबदल्याचा हक्क घेतो, आणि त्या मोबदल्याचा खऱ्या गिऱ्हाइकाला झालेल्या विक्रीशी संबंध नसतो. भारताच्या 2021 च्या थेट विक्री नियमांतही पिरॅमिड योजनेला मनाई आहे. तुमच्यापुढच्या प्लॅनला हेच विचारा: उद्यापासून एकही नवी व्यक्ती जोडली गेली नाही, तर वरच्यांचं उत्पन्न चालू राहील का?

"तू फक्त सहा जणी आण, त्या प्रत्येकी सहा आणतील" हे ऐकलंत तर कॅल्क्युलेटर काढा. सहाला सहाने गुणत गेलं की तेराव्या पायरीला 13 अब्जांहून जास्त माणसं लागतात. पृथ्वीवर तेवढी नाहीत, आणि त्यातल्या निम्म्यांना लिपस्टिकशी देणंघेणं नाही.

8. सोडून गेलेलीशी बोला

यशाच्या गोष्टी मीटिंगमध्ये ऐकायला मिळतातच, आणि बक्षीस मिळालेल्या गुलाबी गाडीचे फोटोही. तुम्ही गेल्या वर्षी सोडलेली एक कन्सल्टंट शोधा आणि तिला तीनच गोष्टी विचारा: किती माल उरला, परत करताना काय झालं, आणि आमंत्रण देणारीशी आज बोलणं आहे का.

9. हो म्हणायचं तर अटींवर, नाही म्हणायचं तर लगेच

मधला रस्ताही असतो. माल आवडला पण विकायचं नाही, तर गिऱ्हाईक राहा. सवलतीपुरतं सदस्य होता येत असेल, तर किमान खरेदीची अट पाहून तेही चालेल.

हो म्हणत असाल तर वहीच्या पहिल्या पानावर तीन आकडे लिहा: जास्तीत जास्त किती पैसे घालणार, आठवड्याला किती तास देणार, आणि 90 दिवसांनी खर्च वजा जाता किती उरलं तर चालू ठेवणार. पान घरातल्या एकाला दाखवून ठेवा. धंद्याचं खातं घरखर्चापासून वेगळं ठेवा. माल परत करायच्या मुदतीची तारीख कॅलेंडरवर टाका. 90 दिवसांची तपासणी त्या तारखेच्या आधी यायला हवी, नाहीतर "थोडे दिवस अजून बघू" म्हणता म्हणता मुदत निघून जाते.

नाही म्हणत असाल तर कारणांची माळ लावू नका. वेळ नाही म्हटलं की वेळेचं नियोजन शिकवलं जातं, पैसे नाहीत म्हटलं की हप्ते सुचवले जातात. प्रत्येक हरकतीचं उत्तर ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतलेलं असतं. "मी हिशेब मांडला, मला जमणार नाही. तुझा फेसवॉश मात्र आवडला, संपला की मागवीन" एवढं पुरतं. आणि खरंच आवडला असेल तरच म्हणा, कारण ती तारीख लिहून ठेवेल.