मोटर आधी मोजा, मग शिकवा

मेकॅनिकलमधून रोबोटिक्सच्या संशोधनाकडे येऊ पाहणारी मुलंमुली मला हमखास विचारतात, "ताई, आता मशीन लर्निंग शिकायचं म्हणजे डिझाइन सोडायचं का?" अजिबात सोडू नका. मी पुण्यात कॉलेजच्या रोबोकॉन या रोबो स्पर्धेच्या संघात मेकॅनिकलचं काम करत या क्षेत्रात आले आणि आता चालणाऱ्या रोबोंवर संशोधन करते. टॉलरन्स (भागाच्या मापात किती फरक चालेल ते) कळणं आणि न्यूरल नेटवर्क कळणं, दोन्ही मला रोज लागतं. या दोन विद्या जिथे भेटतात ती जागा म्हणजे सांध्यातली मोटर आणि तिचा गिअरबॉक्स. नव्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

चालायला किंवा वस्तू हाताळायला रोबोला आज बऱ्याचदा आधी सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी जगात, शिकवतात. हजारो आभासी रोबो एकाच वेळी पडत-धडपडत रीइन्फोर्समेंट लर्निंगने, म्हणजे जमलं तर गुण या तत्त्वाने, शिकतात आणि तयार झालेली पॉलिसी (कुठल्या स्थितीत काय करायचं ते ठरवणारं नेटवर्क) मग खऱ्या यंत्रावर चढवतात. वजनं, लांबी, गुरुत्वाकर्षण हे सिम्युलेटरला बऱ्यापैकी जमतं. गिअरमधलं घर्षण, दात्यांमधला प्ले (मोकळी फट), आज्ञा सुटल्यापासून टॉर्क (फिरवणारा जोर) मिळेपर्यंतचा काही मिलिसेकंदांचा उशीर, भार वाढला की उतरणारं बॅटरीचं व्होल्टेज, हे मात्र आपण सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. संगणकात डौलात चालणारा रोबो जमिनीवर थरथरायला लागला, तर मी कोड उघडण्याआधी सांधा हाताने फिरवून बघते.

यावर दोन वाटा निघाल्या आणि दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या एनिमल या चार पायांच्या रोबोच्या सांध्यात मोटर आणि गिअरच्या पुढे स्प्रिंग असते. अशा सांध्याचं अचूक समीकरण मांडणं जिकिरीचं. तिथल्या गटाने 2019 मध्ये वेगळाच मार्ग दाखवला. बाराही सांध्यांची एकदम नोंद घेतली, तीही चार मिनिटांहून कमी वेळ, आणि त्या नोंदीवर एक छोटं नेटवर्क शिकवलं. सांधा हव्या त्या स्थितीपासून किती दूर आहे आणि किती वेगात आहे, याचा नुकताच इतिहास दिला की प्रत्यक्ष टॉर्क किती निघेल, हे ते नेटवर्क सांगतं. तेच सिम्युलेटरमध्ये बसवलं आणि तिथे शिकलेली पॉलिसी खऱ्या यंत्रावर चालली. पडल्यावर उठायलासुद्धा तो रोबो अशाच पद्धतीने शिकला.

दुसरी वाट एमआयटीच्या मिनी चीताची. तिथे सांधाच असा बनवला की त्याचं मॉडेल सोपं व्हावं. सुमारे 9 किलोचा हा रोबो, आणि त्याच्या मोटरपुढे फक्त 6 पट गिअर, म्हणजे मोटरचे सहा फेरे झाले की सांध्याचा एक. इथे एक हिशेब डोक्यात पक्का बसवा: रोटरचं (मोटरच्या फिरणाऱ्या भागाचं) जडत्व सांध्यापाशी गिअर गुणोत्तराच्या वर्गाने वाढून जाणवतं. गुणोत्तर 6 असेल तर 36 पट, 100 असेल तर 10,000 पट. म्हणून 100 पट गिअरचा सांधा बाहेरून ढकलला तर हलायला कुरकुरतो आणि पाय जमिनीवर आदळला की धक्का दात्यांवर येतो. कमी गुणोत्तराचा सांधा सहज मागे फिरतो, मोटरच्या करंटवरून टॉर्कचा अंदाजही बरा लागतो. किंमत मोजावी लागते ती उष्णतेत: नुसतं उभं राहायलाही मोटरला जास्त करंट खावा लागतो. याच मिनी चीताने 2022 मध्ये सिम्युलेशनमध्ये शिकलेल्या पॉलिसीवर सेकंदाला 3.9 मीटर वेग गाठला. त्या वेगाचं श्रेय अल्गोरिदमइतकंच गिअरच्या निवडीला आहे, असं मी मानते.

पहिला प्रकल्प म्हणून चार पायांचा रोबो घेऊ नका. एक मोटर घ्या. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला फिरलात तर बरंचसं सामान मिळेल. स्थिती परत सांगणारी सर्व्हो मात्र ऑनलाइन मागवावी लागेल. तिला एक दांडा लावा, टोकाला मोजलेलं वजन. हळू ते जलद अशी डोलणारी आज्ञा द्या आणि आज्ञा, स्थिती, करंट यांची वेळेसकट नोंद ठेवा. हाच दांडा मुजोको या सिम्युलेटरमध्ये बनवा. ते मोफत आहे. तीच आज्ञा तिथे द्या आणि दोन्ही आलेख एकावर एक टाका. ते जुळेपर्यंत घर्षण, डॅम्पिंग (वेगाबरोबर वाढणारा विरोध), उशीर आणि आर्मेचर बदलत राहा. आर्मेचर म्हणजे वर सांगितलेलं, वर्गाने वाढलेलं रोटरचं जडत्व. मुजोकोमध्ये ते मुळात शून्य धरलेलं असतं आणि नवखे लोक ते तसंच सोडतात. आलेख जुळल्यावरच दांडा उभा तोलायचं लर्निंग सुरू करा.

कॅडमधून (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून) मॉडेल काढताना प्रत्येक भाग खऱ्या तराजूवर ठेवा. थ्रीडी प्रिंटचा भाग आतून पोकळ असतो. कॅड त्याला भरीव समजून जडत्व काढतं. एककंही तपासा: जडत्वाच्या ग्रॅम-मिलिमीटर वर्ग आणि किलोग्रॅम-मीटर वर्ग या एककांत अब्जपटीचा फरक आहे. घर्षण आणि वजन यादृच्छिक बदलत शिकवण्याची डोमेन रँडमायझेशनची पद्धत उपयोगी आहे, पण ती मोजमापाच्या बदली वापरू नये. बदलाचा पट्टा फार रुंद ठेवला की पॉलिसी भित्री होते, पाय जपून जपून टाकते.

वेळेचं गणितही आधीच समजून घ्या. ट्रेनिंग रात्रीतून होतं, भोसरीच्या वर्कशॉपमधून जॉब (करायला दिलेला भाग) यायला आठवडे लागू शकतात. आयक्रा या रोबोटिक्सच्या परिषदेला शोधनिबंध पाठवायची मुदत बहुधा सप्टेंबरच्या मध्यात असते, म्हणजे गणपतीच्या आसपास, आणि तेव्हा सुटे भाग मिळवणं आणखी अवघड. म्हणून तुटणारा भाग कुठला असावा हे डिझाइन करतानाच ठरवा: महागडा गिअरबॉक्स वाचावा आणि शंभर रुपयांचा प्रिंट केलेला तुकडा आधी जावा. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा 2023 मधला लीप हँड हा रोबोचा हात या दृष्टीने नीट बघा. सुमारे 2,000 डॉलरचे भाग, बाजारात मिळणाऱ्या मोटरी, बाकी प्रिंट केलेलं, आणि काही तासांत जोडून होणारा हात. लर्निंगसाठी रोबोला तासन्‌तास राबवावं लागतं. दुरुस्त न होणारा हात तिथे कामाचा नाही.

एमएस किंवा पीएचडीसाठी प्राध्यापकांना लिहाल तेव्हा कोर्सच्या प्रमाणपत्रांची यादी मागे ठेवा. त्या एका मोटरचा जुळलेला आलेख, कुठला आकडा कसा मोजला याच्या दोन ओळी, खऱ्या दांड्याचा न कापलेला व्हिडिओ आणि कोडचा दुवा पाठवा. आलेख एखाद्या ठिकाणी जुळत नसेल तर तो तसाच दाखवा आणि तुमच्या मते कारण काय ते लिहा. आमच्याकडे अर्ज येतात तेव्हा मी सगळ्यात आधी तेच वाचते.