तूप कणीदार हवंय? मग कढवण्यापेक्षा निवण्याकडे लक्ष द्या

साय साठवणं, विरजण, ताक घुसळणं, लोणी धुणं हे सगळं येतं असं धरून चालते. लोणी जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवा. तडतड थांबली, वर बारीक फेस आला आणि तळाशी बेरी बदामी दिसली की गॅस बंद, पातेलं तापलेलं असतं त्यामुळे रंग अजून थोडा चढतोच. पाणी राहिलं तर तूप लवकर खवट होतं, पाण्यामुळे ब्युटिरिक ॲसिड सुटं होतं आणि तो कुबट वास त्याचाच. उतरवताना पाण्याचा शिपका मारा म्हणजे कणी पडते, असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. कणी त्याने पडत नाही, गरम तूप मात्र हातावर उडतं.

गाळून घ्या.

खरं अडतं ते इथून पुढे, माझंही कितीतरी दिवस इथेच अडायचं. तुपात एकाच प्रकारचे रेणू नसतात. ग्लिसरॉल नावाच्या छोट्या सांगाड्याला तीन फॅटी ॲसिड, म्हणजे कार्बनच्या साखळ्या, जोडलेली, पण ती तीन कुठली हे प्रत्येक रेणूत वेगळं. पामिटिक म्हणजे 16 कार्बनची सरळ साखळी, ते एकटं असलं तर साधारण 63 अंशांना वितळतं. ओलेइकमध्ये 18 कार्बन, पण मधे एक दुहेरी बंध असतो, तिथे साखळी वाकते, म्हणून ते 13-14 अंशांनाच पातळ होतं. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून नीट बसतात, वाकड्या बसत नाहीत. तूप सावकाश निवलं तर सरळ साखळ्या जास्त असलेले रेणू आधी गोठतात, त्यांचे मोठे कण धरतात आणि बाकीचं तूप त्यांच्याभोवती पातळ राहतं, हीच कणी. झटकन गार केलं तर सगळंच एकदम गोठतं, कण अगदी बारीक होतात आणि तूप मेणचट लागतं.

म्हणून ताजं तूप फ्रीजमध्ये ठेवूच नका, पंख्याखालीही नको. कोमट झालं, बोट बुडवता आलं, की जुन्या कणीदार तुपाचा एक चमचा त्यात मिसळा, ते कण विरजणासारखं काम करतात. मग झाकून 28-30 अंशांच्या आसपास रात्रभर ठेवा आणि मधे हलवून बघत बसू नका. पुण्या-नाशिकच्या थंडीत बरणीला जाड टॉवेल गुंडाळून ती तांदळाच्या डब्यात ठेवते मी.

मे महिन्यात मुंबईत तूप पातळच राहिलं तर त्यात खोट नाही, आणि म्हशीच्या तुपाइतकी जाड कणी गाईच्या तुपाला सहसा पडत नाही. कणी बघून भेसळ ओळखता येते हे तर डोक्यातून काढूनच टाका, वनस्पती तूपसुद्धा सावकाश गार करून दाणेदार करतात. म्हणूनच वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचं तेल घालायचा नियम केला, म्हणजे शुद्ध तुपात वनस्पती मिसळलं तर तिळाच्या तेलामुळे लॅबच्या चाचणीत येणाऱ्या गुलाबी रंगावरून पकडता येतं.