उभ्या फळ्यांची भिंत तडकू नये म्हणून खिळा कुठे मारावा

कोकणात खोलीला किंवा शेडला बाहेरून उभ्या फळ्या मारल्या की दोन पावसाळ्यांत त्या मधोमध चिरतात. बहुतेक वेळा लाकूड चांगलंच असतं, खिळे चुकीच्या जागी असतात. पावसात फळी रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. दोन्ही कडा खिळ्यांनी जखडल्या तर ती तडकणारच.

1. आतल्या आडव्या दांड्या साधारण दोन-दोन फुटांवर घ्या.

2. 8 इंची फळी असेल तर प्रत्येक दांडीवर एकच खिळा, फळीच्या बरोबर मध्यावर.

3. उन्हाळ्यात काम करत असाल तर दोन फळ्यांत अर्धा इंच फट सोडा. फळी आधीच फुगलेली असेल तर पाव इंच पुरे.

4. फटीवर 2.5 इंची पट्टी ठेवा. तिचा खिळा फटीतून थेट आतल्या दांडीत गेला पाहिजे, शेजारच्या फळीत अजिबात नको. सुतार सवयीने पट्टीच्या दोन्ही कडांना खिळे मारतात, तेव्हा पहिल्या दोन-चार पट्ट्या होईपर्यंत स्वतः उभे राहा. सगळी करामत इथेच आहे.

खिळे जस्त चढवलेले घ्या, खाऱ्या हवेत साधे गंजून लाल ओघळ येतात.

जपायचं एकच: फळीचं खालचं टोक जमिनीपासून निदान 8 इंच वर ठेवा आणि बसवण्याआधी त्या टोकाला तेल किंवा प्रायमर भरपूर पाजा. फळी पाणी ओढते ती तिथूनच.