आटलेला स्वेटर आणि त्यानंतरची शहाणी धुलाई
आईने विणलेला लोकरीचा स्वेटर मी चादरींबरोबर 60 अंशांवर मशीनला लावला. बाहेर आला तो भाचीच्या मापाचा, घोंगडीसारखा घट्ट. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. उष्णता, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात, ते सुटत नाहीत. केसांच्या कंडिशनरमध्ये भिजवून ताणून पाहिला. बोटभर लांबला, इतकंच.

दुसरा स्वेटरही मशीनमध्येच धुते, पण आधी लेबल वाचून. 'फक्त ड्रायक्लीन' लिहिलं असेल तर वाटेला जात नाही. नाहीतर उलटा करून जाळीच्या पिशवीत, 'वूल' प्रोग्रॅम, फार तर 30 अंश, स्पिन मिनिटाला 400 ते 600 फेरे. नेहमीची पावडर मात्र नाही! तिच्यातलं प्रोटीएज एन्झाइम डागांतली प्रथिनं तोडतं, आणि लोकर म्हणजे केराटिन, प्रथिनच. म्हणून ईझीसारखं लोकरीचं लिक्विड, तेही बेताने.

दोरीवर टांगला की ओल्या वजनाने बाह्या लोंबतात. त्यामुळे टॉवेलात गुंडाळून दाबते, पिळत नाही, आणि सावलीत खाटेवर आडवा पसरते. वेळ लागतो, मांजराला तेवढ्यापुरतं हाकलावं लागतं.