स्केचअपमधल्या दार-खिडक्यांची घडी अशी बसवली

सांगलीत विश्रामबागला घरांचे आराखडे स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करतो. एका मालकांनी सगळ्या खिडक्यांचे छज्जे ६ इंचांनी वाढवायला सांगितले आणि २२ खिडक्या एकेक करून बदलाव्या लागल्या. त्या सगळ्या नुसत्या ग्रुप होत्या, म्हणजे एकमेकींशी न जोडलेल्या. कंपोनंट, म्हणजे एकाच मूळ वस्तूच्या जोडलेल्या प्रती असत्या, तर एक बदलली की बाकीच्या आपोआप बदलल्या असत्या.

मग दोन रविवार बसून प्रत्येक वस्तूचा कंपोनंट केला, 'सेव्ह अ‍ॅज'ने एका फोल्डरमध्ये वेगळा ठेवला. नावातच माप घातलं: 'खिडकी ४×४ सरकती'. पायऱ्यांचे तीन प्रकार लागले, कारण २०१९च्या महापुरानंतर माझ्याकडे येणारी माणसं जोतं उंचच मागतात.

खरी मेख कंपोनंटच्या अक्षांची, म्हणजे तो ज्या बिंदूला आणि पातळीला धरून बसतो त्यांची. ते चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर, भिंतीच्या बाहेरच्या पातळीत ठेवले, 'कट ओपनिंग' (भिंतीत आपोआप भोक पाडणारा पर्याय) चालू केलं, तेव्हा खिडकी भिंतीत नीट बसायला लागली. मात्र ते एकच पृष्ठभाग कापतं. ९ इंची भिंतीची आतली बाजू हातानेच कापावी लागते.

एखादीच खिडकी वेगळी हवी असेल, तर आधी 'मेक युनिक' करून ती बाकीच्यांपासून तोडा. फोल्डरमधली मूळ फाइल सुधारली, तरी जुन्या मॉडेलमध्ये 'रीलोड' केल्याशिवाय बदल येत नाही.