बँकॉकला इंग्रजी शिकवायला जाताना: कागद, डेमो आणि 'प'

आशियात इंग्रजी शिकवायला जायचं तर पहिली चाळणी पासपोर्टची लागते, इंग्रजीची त्यानंतर. दक्षिण कोरियाचा ई-2 व्हिसा मुळात सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. 1 जानेवारी 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे भारतीयांना सरकारी शाळांत सहायक शिक्षक म्हणून वाट मिळाली, पण त्यासाठी पदवीच्या जोडीला शिक्षकी पात्रता लागते. जपानमध्ये शाळेत शिकवण्याच्या व्हिसासाठी किमान 12 वर्षं इंग्रजी माध्यमातलं शिक्षण दाखवावं लागतं. दादर-पार्ल्याच्या मराठी शाळेतून दहावी झालेल्यांचा पत्ता तिथेच कट. राहिलं बँकॉक. पगार कोरियापेक्षा कमी, पण पदवी असलेल्या मुंबईकराला सरळ मार्गाने मिळू शकणारी नोकरी बहुधा इथलीच.

लागतं काय? कुठल्याही शाखेची पदवी, 120 तासांचा टेफल कोर्स (परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचा) आणि इंग्रजीची परीक्षा. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्याकडून थाई शिक्षक परिषद, म्हणजे खुरुसफा, टोइकमध्ये 990 पैकी 600 किंवा आयएल्ट्समध्ये 5 बँड मागते. दोन्ही निकाल दोनच वर्षं चालतात, त्यामुळे परीक्षा फार आधी देऊन ठेवू नका. बी.एड. असेल तर बायोडेटात अगदी वर लिहा, शिकवण्याच्या परवान्याच्या वेळी त्याचं वजन टेफलपेक्षा जास्त. टेफल ऑनलाइन करणार असाल तर प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचे तास असलेलाच घ्या. नुसते व्हिडिओ बघून मिळालेलं प्रमाणपत्र व्हिसाला चालेल, वर्गात नाही.

आता कागद. सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, आणि तेही नावावरून. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत, त्यामुळे पूर्ण नाव वाचताना क्रम बदलतो. लग्नानंतर 'सावंत प्राजक्ता विजय'ची 'प्राजक्ता निखिल राणे' झाली असेल, तर थाई अधिकाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका. नुसता क्रम वेगळा असेल तर नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र बहुधा पुरतं. नावच बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडा आणि तिचंही पदवीबरोबरच प्रमाणीकरण करून घ्या. हे तिकडे जाऊन निस्तरायला बसलात तर महिने जातात.

पदवी म्हणजे दीक्षान्त प्रमाणपत्र. 'पासिंग सर्टिफिकेट'वर भागत नाही. दीक्षान्त प्रमाणपत्र कधी उचललंच नसेल तर कलिन्याला परीक्षा भवनात अर्ज करा, आणि त्याच फेरीत ट्रान्सक्रिप्टचाही. आईवडिलांनी कौतुकाने पदवी लॅमिनेट करून ठेवली असेल तर दुसरी प्रत काढावी लागेल, कारण शिक्के मूळ कागदाच्या पाठीवर बसतात आणि प्लॅस्टिकवर ते कोणी मारत नाही. प्रमाणीकरणाचा क्रम असा: आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, शेवटी थाई वकिलात. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट हातात घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत द्यावे लागतात. एजन्सीला देश स्पष्ट सांगा. नुसतं 'अपोस्टिल करा' म्हणालात तर कोरिया-जपानला चालणारा कागद हातात पडेल, थायलंडला वकिलातीचा शिक्का हवा असतो.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून काढायचा, फी 500 रुपये, आणि अर्जात देश थायलंड निवडायचा. पासपोर्टवरचा पत्ता गिरगावचा आणि राहायला डोंबिवलीत, असं असेल तर पोलीस पडताळणी लांबते. हा क्लिअरन्स साधारण सहा महिनेच ग्राह्य धरतात, म्हणून सगळ्यात शेवटी काढा. पासपोर्टवर 'ईसीआर', म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते असा शेरा, नाही ना, हेही बघून घ्या. थायलंड त्या 18 देशांच्या यादीत आहे. दहावी पास माणसाच्या पासपोर्टवर तो शेरा असायला नको, पण जुन्या पासपोर्टवर चुकून राहून जातो.

थाई शाळेचं वर्ष मे महिन्याच्या मध्यावर सुरू होतं, दुसरं सत्र ऑक्टोबर संपता संपता. भरती जोरात चालते ती फेब्रुवारी ते एप्रिल. म्हणजे दिवाळीनंतर लगेच कागदांना लागायचं. भारतीयांसाठीच्या जाहिराती बऱ्याचदा महिना 20 ते 30 हजार बाटच्या आसपास असतात. नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारा, किंवा 'आधी टूरिस्ट म्हणून या, व्हिसा नंतर बघू' म्हणणारा, दोघांनाही नमस्कार करा. 2022 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबणाऱ्या टोळ्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता. तेव्हा आमिष आयटीतल्या नोकऱ्यांचं होतं, पण युक्ती कुठल्याही नोकरीला लागू पडते. खरी शाळा नॉन-इमिग्रंट बी व्हिसासाठी स्वतःची कागदपत्रं पाठवते. तो 90 दिवसांचा असतो, तिथे पोचल्यावर वर्क परमिट आणि मग वर्षाची मुदतवाढ.

मुलाखत व्हिडिओवर होते आणि बहुतेक शाळा 15-20 मिनिटांचा डेमो मागतात. आपल्याकडची सवय म्हणजे फळ्यावर आधी नियम, मग उदाहरणं. ती इथे बुडवते. विषय एकच छोटा घ्या, समजा 'आय हॅव' आणि 'शी हॅज'. दप्तरातून पेन, डबा, छत्री एकेक काढत सात-आठ वाक्यं नुसती ऐकवा. मग सगळ्यांकडून एकत्र, मग ओळीओळीने, मग जोड्यांत. नियम शेवटच्या दोन मिनिटांत, तोही मुलांकडूनच काढून घ्यायचा. 'डू यू अंडरस्टँड?' कधीही विचारू नका. थाई मुलं शिक्षकाचा मान राखायला 'येस' म्हणतात, समजलेलं असो वा नसो. त्याऐवजी छत्री मागे लपवून 'डू आय हॅव अ पेन ऑर अॅन अंब्रेला?' विचारा. उत्तर आलं तर समजलं. 'गुड नेम', 'कझिन ब्रदर', 'पास्ड आउट फ्रॉम कॉलेज' हे आपलं देशी इंग्रजी घरीच ठेवून जा.

उच्चारांत मराठी माणसाची खरी अडचण 'प'ची, आणि ती त्याला स्वतःला ऐकू येत नाही. इंग्रजी 'पेन'मधला प श्वास सोडून म्हणायचा असतो. आपण 'पेन' म्हणतो ते 'पान'मधल्या पने, बिनश्वासाचं. थाई भाषेत आपल्यासारखेच प आणि फ वेगळे आहेत, आणि इंग्रजी 'पेन' थाई कानाला फच्या बाजूचं लागतं. तुमचं 'पेन' ऐकून मुलाला थाई 'पेन' ऐकू येईल, म्हणजे 'असणे' हे क्रियापद. उपाय सोपा: तोंडापुढे कागदाची पट्टी धरून 'पेन' म्हणा. पट्टी हलली पाहिजे. आजीच्या तोंडच्या 'फळ'मधला फ आठवा, ओठ मिटून म्हटलेला. इंग्रजी एफसारखा नव्हे. 'टी' आणि 'के'चंही तसंच, फक्त 'स्पिन', 'स्टॉप'सारखं आधी स आला की श्वास नको. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू. आपला व या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो.

मुलांच्या चुका वेगळ्या. थाई शब्दाच्या शेवटी ल आणि स टिकत नाहीत, म्हणून 'स्कूल'चं 'सकून' होतं आणि 'बस'चं 'बत'. त्यामुळे अनेकवचनाचा 'एस' लिहिताना येतो, बोलताना गायब. शेवटचा आवाज येईपर्यंत हवेत बोट धरून ठेवा आणि आवाज आला की खाली आणा. 40-50 मुलांच्या वर्गातही हे चालतं.

वर्गाबाहेरचं थोडक्यात. सकाळी आठला राष्ट्रगीत, तेव्हा जिथे असाल तिथे स्तब्ध. मुलाच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवू नका, पायाने काही दाखवू नका. राजघराण्यावर विनोद तर नाहीच, थाई दंडसंहितेच्या कलम 112 खाली एकेका गुन्ह्याला 3 ते 15 वर्षं कैद आहे. खोलीसाठी बहुधा दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं भाडं आगाऊ द्यावं लागतं, आणि पहिला पगार महिनाअखेर. तेवढे पैसे मुंबईहूनच न्या. शाकाहारी असाल तर 'जे' (मांस-मासे काहीच नसलेलं) हा थाई शब्द पाठ करा. नुसतं 'मांस नको' म्हटलं तरी फिश सॉस पडतोच.

ऑक्टोबरच्या सुट्टीत दिवाळीला घरी यायचं ठरवलंत तर निघण्याआधी इमिग्रेशनमधून री-एंट्री परमिट घ्या, एका फेरीला 1,000 बाट. ते न घेता सीमा ओलांडली की वर्षाची मुदतवाढ आपोआप रद्द होते आणि व्हिसाचं सगळं पहिल्यापासून करावं लागतं.